जुनी फोर बाय फोर घेताना वॉरंटीचा कागद कसा वाचावा

नागपुरात जुन्या गाड्यांच्या व्यवहारात एक वाक्य हमखास ऐकू येते : "साहेब, गाडीची पूर्ण गॅरंटी आहे." हे वाक्य कानावर पडताच खरेदीदाराने दोन प्रश्न विचारावेत : ही हमी नेमकी कोण देत आहे, आणि ती कोणत्या कागदावर लिहिलेली आहे? साध्या हॅचबॅकच्या बाबतीत या प्रश्नांची उत्तरे मोघम मिळाली, तरी नुकसान एका मर्यादेत राहते. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ओढ मिळणाऱ्या गाडीत मात्र जो भाग तिला इतर गाड्यांपेक्षा वेगळी आणि महाग बनवतो, तोच भाग जुन्या गाडीच्या वॉरंटीतून बहुधा वगळलेला असतो. म्हणून अशा गाडीच्या वॉरंटीची किंमत तिच्या मुदतीवरून ठरवू नये. तिच्या यादीत ट्रान्सफर केस (इंजिनची ताकद पुढच्या व मागच्या चाकांत वाटणारी पेटी) आणि पुढचे डिफरन्शियल (ती पुढच्या डाव्या-उजव्या चाकांत वाटणारा गिअरसंच) हे दोन शब्द छापलेले आहेत की नाहीत, यावरून ती ठरवावी.

हे मला अनुभवाने कळले. काही वर्षांपूर्वी मी एका विक्रेत्याकडून डिझेलची जुनी फोर बाय फोर घेतली आणि सोबत एक वर्षाची वॉरंटी मिळाली म्हणून निर्धास्त झालो. पावसाळ्यात उमरेडच्या बाजूला एका शेतरस्त्यावरचा ओढा ओलांडला. पाणी गुडघ्याच्याही खाली होते. पंधरवड्यानंतर पुढच्या चाकांच्या मधून बारीक घुईं असा आवाज येऊ लागला. वाडीतल्या एका मेकॅनिकने गाडीखाली तसराळे ठेवून पुढच्या डिफरन्शियलचा ड्रेन प्लग उघडला, तेव्हा त्यातून ऑइल आलेच नाही. दूध जास्त पडलेल्या चहासारखे काहीतरी आले. हाउसिंगला हवा खेळती ठेवणारी ब्रीदरची बारीक रबरी नळी आपल्या जागेवरून निघून केव्हापासून लोंबत होती, देव जाणे. मी वॉरंटीचा कागद घेऊन गेलो. विक्रेत्याने तो माझ्यासमोर उलगडला आणि एका ओळीवर बोट ठेवले : "इंजिन व गिअरबॉक्स." पुढचे डिफरन्शियल ना इंजिनमध्ये मोडते ना गिअरबॉक्समध्ये. खर्च मला करावा लागला, आणि त्या कागदावर मीच न वाचता सही केलेली असल्यामुळे तक्रारीला फारशी जागाही नव्हती.

हमी चार प्रकारची

जुन्या गाडीवर मिळणारी हमी चार ठिकाणांहून येऊ शकते. पहिली कंपनीची मूळ वॉरंटी. तिची मुदत गाडीच्या पहिल्या विक्रीच्या तारखेपासून मोजली जाते, आपण गाडी घेतली त्या दिवसापासून नव्हे. आणि वर्षे व किलोमीटर यांपैकी जे आधी पूर्ण होईल, तिथे ती संपते. दुसरी कंपनीची वाढीव वॉरंटी, जी पहिल्या मालकाने पैसे भरून घेतलेली असते. तिसरी विक्रेत्याने आपल्या जबाबदारीवर दिलेली, आणि चौथी एखाद्या तिसऱ्या कंपनीकडून विकत घेतलेली. पहिल्या दोन हमी सर्वांत भक्कम असतात, कारण त्यांत वगळलेल्या भागांची यादी असते आणि यादीत नसलेले बहुतेक सारे समाविष्ट धरले जाते. शेवटच्या दोन हमींचा रिवाज बरोबर उलटा असतो : समाविष्ट भागांची यादी छापलेली असते आणि त्यात जे नाही ते मिळत नाही. हा एक फरक लक्षात ठेवला, तरी निम्मा कागद वाचून झाल्यासारखा आहे.

गाडीवर किती वॉरंटी शिल्लक आहे, हे विक्रेत्याला विचारण्याऐवजी चॅसिस क्रमांक घेऊन त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जावे. तिथे पहिल्या विक्रीची तारीख, झालेल्या सर्व्हिसिंगच्या नोंदी आणि प्रत्येक वेळचे किलोमीटर पाहता येतात. मीटर मागे फिरवलेले असेल, तर ते बहुधा इथेच उघडे पडते. आणि मीटरशी छेडछाड झाल्याचे निष्पन्न झाले, तर उरलेली वॉरंटीही बाद होते.

एकाच नावाची गाडी दोन्ही प्रकारांत विकली जाते, याचे भान ठेवावे. फॉर्च्युनर दोन चाकांना ओढ देणारी आणि चारही चाकांना ओढ देणारी अशा दोन्ही रूपांत मिळते. २०२० मध्ये आलेली नवी थार सुरुवातीला फक्त फोर बाय फोर होती, पण जानेवारी २०२३ पासून तिची मागच्या चाकांवर चालणारी आवृत्तीही बाजारात आली. २०२३ मध्ये आलेली जिम्नी मात्र फोर बाय फोरच असते. वॉरंटीच्या करारावर गाडीचे फक्त नाव असेल आणि पूर्ण व्हेरियंट नसेल, तर तो लिहून घ्यावा. अन्यथा दावा करताना यादी फोर बाय टू, म्हणजे दोनच चाकांना ओढ असलेल्या गाडीची निघण्याची शक्यता असते. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील उत्पादन बंद करण्याची घोषणा केली आणि मारुती जिप्सीचे उत्पादन त्याही आधी थांबले. अशा गाड्यांवर विक्रेता वॉरंटी देत असेल, तर सुटे भाग तो कुठून आणणार, हेही विचारावे.

बिघाड कुठे होतो आणि का

बाजारातल्या बऱ्याच फोर बाय फोर गाड्या पार्ट-टाइम पद्धतीच्या असतात. एरवी त्या मागच्या चाकांवर चालतात, आणि लिव्हर किंवा बटणाने फोर हाय निवडले की ट्रान्सफर केस पुढचा व मागचा प्रोपेलर शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारा फिरता दांडा) एकमेकांना घट्ट जोडते. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात, म्हणून त्यांना अधिक अंतर कापावे लागते. चिखलात किंवा मुरमावर चाक थोडे घसरते आणि हा फरक निघून जातो. कोरड्या डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्यावर चाक घसरत नाही. मग सगळा ताण ट्रान्सफर केसच्या चेनवर, गिअरवर आणि शाफ्टच्या क्रॉसवर (सांध्यावर) साचतो. आधीच्या मालकाने केवळ हौस म्हणून वर्धा रोडवर फोर हाय लावून गाडी पळवली असेल, तर त्याची खूण बाहेरून कुठेच दिसत नाही. पुढचे आणि मागचे टायर वेगवेगळ्या मापाचे किंवा फार वेगवेगळे झिजलेले असतील, तर फोर हायमध्ये सरळ रस्त्यावरही हाच परिणाम होतो, कारण लहान टायरला त्याच अंतरासाठी जास्त फेरे घ्यावे लागतात.

पाण्याचे कारण वेगळे आहे. लांब पल्ल्याने तापलेले डिफरन्शियल एकदम थंड पाण्यात गेले की आतली हवा आकसते आणि बाहेरून काहीतरी आत ओढू लागते. ब्रीदरची नळी शाबूत आणि उंचावर असेल, तर ती हवा ओढते. नळी निघालेली असेल किंवा ऑइल सील जुना झालेला असेल, तर पाणी आत जाते. पाणी मिसळलेल्या ऑइलने बेअरिंग खराब व्हायला फार दिवस लागत नाहीत. त्यात आपल्याकडे ४५ अंशांच्या पुढे जाणारा उन्हाळा. या उन्हाने जॉइंटवरची रबरी आवरणे, म्हणजे बूट, तडकतात आणि तडकलेल्या बुटातून धूळ शिरली की आतले ग्रीस रेती मिसळल्यासारखे होते. वॉरंटीचा करार लिहिणाऱ्यांना हे सगळे ठाऊक असते. म्हणूनच बूट, सील, बुश, क्लच प्लेट, ब्रेक पॅड, शॉकअॅब्सॉर्बर, बॅटरी आणि टायर हे "नेहमीच्या झिजेचे भाग" म्हणून वगळलेले असतात, आणि वगळलेल्या भागामुळे समाविष्ट भाग बिघडला, तर तोही नाकारता येईल असे एखादे वाक्य शेवटच्या पानावर बारीक अक्षरात घातलेले असते. तडकलेला बूट बदलला नाही म्हणून जॉइंट गेला, तर भरपाई मिळत नाही ती या वाक्यामुळे.

सही करण्यापूर्वी

करार वाचताना मागून पुढे वाचावे. वगळलेल्या बाबींचे पान आधी आणि मुदत सर्वांत शेवटी. ट्रान्सफर केस, पुढचे व मागचे डिफरन्शियल, शिफ्ट मोटर किंवा अॅक्च्युएटर (बटण दाबल्यावर फोर बाय फोर जोडणारी मोटर), पुढच्या चाकांचे हब आणि दोन्ही प्रोपेलर शाफ्ट यांची नावे समाविष्ट यादीत स्वतंत्रपणे आहेत का, हे पाहावे. "ट्रान्समिशन" हा एकच शब्द असेल, तर त्यात काय काय येते हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. तोंडी दिलेले "येते हो त्यात" काही कामाचे नसते. त्यानंतर चार अटी शोधाव्यात : पाणी शिरल्याने झालेले नुकसान, कच्च्या रस्त्यावरील वापर, गाडीत केलेले बदल आणि भाड्याने दिलेली गाडी. फोर बाय फोरच्या करारात कच्च्या रस्त्यावरील वापर सरसकट वगळलेला असेल, तर ती वॉरंटी घेण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. शर्यत आणि स्पर्धा एवढेच वगळलेले असेल, तर ते रास्त आहे. उंची वाढवणारा किट, मोठे टायर किंवा इंजिनचे रीमॅपिंग केलेले असल्यास कंपनीची वॉरंटीही अडचणीत येते. तशी गाडी आवडली असेल, तर तिच्या किमतीतून वॉरंटीचे मूल्य शून्य धरूनच बोलणी करावीत. पेंच किंवा ताडोब्याच्या बाजूने आलेली जिप्सी असेल, तर ती सफारीसाठी चालत होती का, हे आर.सी.वरील वर्गावरून पाहावे.

वॉरंटी देणारा गाडीची तपासणी करून तिचा अहवाल देत असेल, तर त्याची प्रत मागावी. माझ्या मते जुन्या गाडीच्या वॉरंटीचे सर्वांत मोठे मूल्य या अहवालातच असते, कारण पुढे वर्षभर स्वतःच्या खिशातून पैसे द्यावे लागतील या धास्तीने तपासणारा माणूस नीट तपासतो. तरीही आपल्या विश्वासातल्या मेकॅनिककडून स्वतंत्र तपासणी करून घ्यावी. गाडी रॅम्पवर घेऊन पुढच्या डिफरन्शियलचा फिलर प्लग उघडावा आणि ऑइल बोटावर घेऊन पाहावे : पांढुरके असेल तर पाणी, चकाकणारी कचकच असेल तर धातू. प्रोपेलर शाफ्ट हाताने फिरवून क्रॉसमध्ये खेळ आहे का ते तपासावे. मग काटोल किंवा हिंगण्याच्या बाजूला एखाद्या मुरमाड रस्त्यावर गाडी न्यावी, फोर हाय लावून सरळ चालवावी, थांबवून न्यूट्रलमध्ये फोर लो (चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर) लावावे आणि पहिल्या गिअरमध्ये पाय अॅक्सिलरेटरवरून काढून घ्यावा. गाडी स्वतःहून रांगत पुढे गेली पाहिजे. डॅशबोर्डवरील दिवा लुकलुकत राहिला, तर शिफ्ट मोटर किंवा तिची वायरिंग संशयास्पद आहे. परत टू हायमध्ये, म्हणजे फक्त मागच्या चाकांवर, येताना दिवा लगेच विझला नाही, तर मात्र घाबरू नये. गाडी चार-सहा फूट मागे घेतली की अडकलेला ताण सुटतो.

नागपुरात आणखी एक तपासणी अपरिहार्य झाली आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे मुसळधार पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदीचे पाणी अंबाझरी ले-आऊटपासून सीताबर्डीपर्यंत शिरले आणि घरांसमोर उभ्या असलेल्या असंख्य गाड्या पाण्यात गेल्या. त्यांतल्या काही दुरुस्त होऊन पुन्हा बाजारात आल्या असतील, तर आश्चर्य नाही, आणि त्यांची वायरिंग आज ना उद्या त्रास देणारच. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून आतल्या टोकाला गाळाची रेघ आहे का, सीटच्या रुळांखाली गंज आहे का, हे पाहावे. विक्रेत्याकडून सप्टेंबर २०२३ च्या आधीपासूनच्या विमा पॉलिसी मागाव्यात. त्या सप्टेंबरनंतरच्या नूतनीकरणात नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) अचानक शून्यावर आला असेल, तर त्या वर्षी दावा झाला असण्याची शक्यता मोठी आहे. कशाचा, हे विचारून घ्यावे. पुराचे नुकसान हे विम्याचे क्षेत्र आहे, वॉरंटीचे नाही, आणि तुंबलेल्या पाण्यात इंजिन बंद पडून आत पाणी गेले, तर विम्यातही इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घेतलेले असावे लागते.

घ्यावी की न घ्यावी

हा हिशेब भावनेवर सोडू नये. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून ट्रान्सफर केस, पुढचे डिफरन्शियल, शिफ्ट मोटर आणि इंजेक्टर यांच्या दुरुस्तीचा अंदाज मजुरीसह लेखी घ्यावा आणि तो वॉरंटीच्या मर्यादेशेजारी ठेवावा. समजा एका वर्षाच्या वॉरंटीसाठी १८,००० रुपये मागितले आहेत, सुट्या भागांवर ३० टक्के घसारा कापला जातो आणि प्रत्येक दाव्यात पहिले ५,००० रुपये आपले आहेत. सुट्या भागांचे बिल ५०,००० रुपयांचे झाले, तर १५,००० घसाऱ्यात गेले, ५,००० आपण भरले, म्हणजे हाती आले ३०,०००. याचा अर्थ असा बिघाड दहा वर्षांत सहा वेळा झाला, तेव्हा कुठे हप्ता वसूल होतो. गाडी तीन-चार वर्षांची, सर्व्हिसच्या नोंदी पूर्ण आणि कंपनीची वाढीव वॉरंटी अजून घेता येत असेल, तर ती घ्यावी, असे मी म्हणेन. विशेषतः एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धूर गाळणारा फिल्टर, ईजीआर (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी यंत्रणा) आणि सेन्सर यांची गुंतागुंत इतकी आहे की, एकाच दुरुस्तीत हप्ता निघू शकतो. सात-आठ वर्षांपेक्षा जुन्या गाडीवर तिसऱ्या कंपनीची महागडी वॉरंटी घेण्यापेक्षा तेवढीच रक्कम बँकेत बाजूला ठेवावी आणि गाडी घेतल्याच्या पहिल्याच आठवड्यात इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचे ऑइल बदलून टाकावे.

हमी आपल्या नावावर करून घेणे

कंपनीची वाढीव वॉरंटी गाडीबरोबर आपोआप येते, असे गृहीत धरू नये. तिच्या हस्तांतरणासाठी अर्ज, ठरलेली मुदत आणि बहुधा काही शुल्क असते, आणि त्यासाठी आर.सी. नव्या मालकाच्या नावावर असावी लागते. म्हणून आर.टी.ओ.चे काम रेंगाळू देऊ नये. शहरातील गाड्या एमएच-३१ आणि एमएच-४९ या, तर ग्रामीण भागातील एमएच-४० या मालिकेत येतात. फॉर्म २९ आणि ३० भरून कोणत्या कार्यालयाकडे जायचे, ते आपल्या पत्त्यावरून ठरते. विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत विक्रीची सूचना द्यायची असते. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा. दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या मोठ्या गाड्या इकडे स्वस्तात येतात. त्यांच्यासाठी तिथली एन.ओ.सी. आणि इथला रोड टॅक्स, दोन्ही धरून किंमत काढावी. कंपनीची वॉरंटी अशा गाडीवर उरलेली नसते.

पुढे वर्षभर वॉरंटी जिवंत ठेवणे हे शिस्तीचे काम आहे. ठरलेल्या किलोमीटरला सर्व्हिसिंग करावे, करारात तशी अट असेल तर ते त्याच सर्व्हिस सेंटरमध्ये करावे आणि प्रत्येक जॉब कार्ड जपून ठेवावे. पाण्यातून गाडी नेली असेल, तर त्याच आठवड्यात डिफरन्शियलचे ऑइल तपासून बिलावर तशी नोंद करून घ्यावी. दिवा पेटल्यावर किंवा आवाज येऊ लागल्यावर "रविवारी बघू" म्हणून गाडी चालवत राहिल्यास, पुढचे नुकसान मालकाच्या निष्काळजीपणात मोजले जाते.

दावा नाकारला तर

नकार लेखी मागावा आणि कोणत्या कलमाखाली नाकारले, हे त्यात यावे, असा आग्रह धरावा. आपले उत्तरही पत्राने किंवा ई-मेलने द्यावे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. अनेकदा तिथे तक्रार नोंदवल्यावरच समोरची व्यक्ती नीट बोलू लागते. तेवढ्याने भागले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. ५० लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेले व्यवहार जिल्हा आयोगाच्या कक्षेत येतात, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहारात शुल्क नसते, तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि विक्रेता मुंबईचा असला तरी आपण राहतो त्या नागपुरात ती दाखल करता येते. गाडी नफ्याच्या व्यवसायासाठी घेतली असेल, तर मात्र हा दरवाजा सहसा बंद असतो. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः चालवणाऱ्याला अपवाद आहे.

शेजाऱ्याकडून किंवा ओळखीच्या माणसाकडून गाडी घेतली, तर ग्राहक आयोग सहसा कामाचा नाही, कारण तो व्यापारी नव्हे. १९३० चा वस्तुविक्री कायदाही जुन्या वस्तूच्या दर्जाची जबाबदारी बऱ्याच अंशी घेणाऱ्याच्या डोळ्यांवर सोपवतो. अशा व्यवहारात गाडीला पूर व मोठा अपघात झालेला नाही, मीटर बदललेले नाही आणि फोर बाय फोर यंत्रणा चालू स्थितीत आहे, एवढी तीन विधाने विक्रीच्या पावतीवरच विक्रेत्याच्या सहीने घ्यावीत. "जशी आहे तशी" असे त्याने त्याच पावतीवर लिहिले असेल, तर ही विधाने त्याच्या वर, ठळक अक्षरांत यावीत.

आणि काम मंजूर झाले, तरी गाडी उघडण्यापूर्वी बिघडलेल्या भागाचे फोटो काढावेत, ऑइल निथळताना व्हिडिओ घ्यावा आणि बदललेला जुना भाग परत मागावा. वॉरंटीच्या कामात तो भाग कंपनीकडे जाणार असेल, तर त्याचा क्रमांक जॉब कार्डावर लिहून घेऊन मगच सही करावी.